चूक मोजण्याआधी चूक वाचू या
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



काल रात्री गाण्यांच्या भेंड्या बारा वाजेपर्यंत चालल्या, तरी आज सकाळी नऊला सभागृह भरलेले आहे. हा चमत्कार आपल्या वेळच्या पी.टी.च्या सरांना पाहायला आवडला असता. संयोजकांनी मला ‘शिक्षणक्षेत्रातील माझे अनुभव’ असा विषय दिला आहे. तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईला असा विषय देणे धोक्याचे असते, कारण ती दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नाही. म्हणून मी विषय लहान करून घेतला आहे. मला फक्त एका गोष्टीबद्दल बोलायचे आहे, आणि तिचे नाव आहे कृतिसंशोधन.

आपल्यातल्या शिक्षकांनी हा शब्द ऐकून डोळे मिटले असतील. बी.एड.ला प्रत्येकाने एक कृतिसंशोधन केलेले असते. जाड पुठ्ठ्याची फाइल, रंगीत मुखपृष्ठ, ‘समस्येचे विधान’, ‘उद्दिष्टे’, ‘गृहीतके’, आणि शेवटी ‘असे आढळून आले की विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय सुधारणा झाली.’ आजवर मी एकही अशी फाइल पाहिली नाही, जिच्यात सुधारणा झाली नाही. त्या फाइलींविषयी मी बोलणार नाही. ज्या साध्या, उपयोगी सवयीवर तो शब्द बेतलेला आहे, तिच्याविषयी बोलणार आहे.

आपल्यात शेती करणारे बरेच जण आहेत, त्यांना ही सवय समजावून सांगावी लागत नाही. नवे बियाणे आले की शहाणा शेतकरी सगळे रान त्याच्या हवाली करत नाही. चार सऱ्यांत ते लावतो, शेजारी जुने लावतो, पाणी आणि खत सारखे देतो, आणि बांधावरून रोज बघतो. काढणीनंतर ठरवतो की पुढच्या वर्षी काय करायचे. प्रश्न त्याचा, रान त्याचे, निर्णयही त्याचाच. शिक्षकाने आपल्या वर्गात हेच केले, की त्याला कृतिसंशोधन म्हणायचे.

या कल्पनेला नाव दिले ते कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने. तो जर्मनीतला ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली अमेरिकेत गेला. वेगवेगळ्या समाजगटांमधले ताण कसे कमी करता येतील, या कामात असताना १९४६ साली त्याने ‘अ‍ॅक्शन रिसर्च’वर लेख लिहिला. जे बदलायचे आहे ते बदलता बदलताच समजून घ्यावे, असा त्याचा विचार होता. शाळांमध्ये ही कल्पना नेटाने आणली ती कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी. त्यांचे पुस्तक १९५३चे. पुढे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ साली आग्रहाने मांडले की अभ्यासक्रमावरचे संशोधन ही शिक्षकाचीच जबाबदारी आहे; बाहेरच्या तज्ज्ञाने येऊन निष्कर्ष हातात ठेवून जाणे पुरेसे नाही. ऑस्ट्रेलियात केमिस आणि मॅकटॅगर्ट यांनी त्याचे चार टप्पे सोपे करून सांगितले: योजना, कृती, निरीक्षण, चिंतन, आणि मग पुन्हा योजना.

पण नावाआधी काम होतेच. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. मुले का येत नाहीत, हे त्यांनी वस्तीत जाऊन पाहिले, आणि बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर रुजलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला आहे. पुढे कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा भरवली. ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारून त्यांना थांबता आले असते. त्या थांबल्या नाहीत, म्हणून पुढचे सगळे घडले.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. तिच्यात मोठे काही नाही, पण कृतिसंशोधन म्हणजे काय हे तिच्यातून नीट कळते.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, सत्तावीस मुले. चाचणी झाली आणि हातच्याच्या वजाबाकीत निम्मा वर्ग आपटला. शाळेत सगळ्यांचे एकमत होते की मुलांना हातचा कळलेला नाही, पुन्हा शिकवा. मी पुन्हा शिकवण्याआधी पेपर घरी नेले. त्यात एक मुलगी होती, तिची एकूण दहांपैकी सात उत्तरे चुकलेली. तिचे एक उदाहरण मी बारकाईने पाहिले. मी तोंडी सांगितले होते, ‘त्रेसष्ट वजा अठरा.’ तिने लिहिले होते छत्तीस वजा अठरा, आणि उत्तर काढले होते अठरा.

जरा थांबून या उत्तराकडे बघा. छत्तीसातून अठरा गेले की अठराच उरतात. सहातून आठ जात नाहीत, म्हणून तिने दशक सुटा केला, सोळातून आठ वजा केले, उरलेल्या दोन दशकांतून एक वजा केला. हातचा तिने अगदी बरोबर घेतला होता. जे येत नाही म्हणून तिला पुन्हा शिकवायचे ठरत होते, ते तिला चांगले येत होते. चूक वजाबाकी सुरू होण्यापूर्वीच झाली होती, कानापासून पेन्सिलीपर्यंतच्या वाटेवर.

मग मी एक साधी गोष्ट केली. तशीच दहा उदाहरणे एक दिवस फळ्यावर लिहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तोंडी सांगितली. फळ्यावरची बहुतेकांची बरोबर आली, तोंडी सांगितलेली अकरा मुलांची चुकली. म्हणजे प्रश्न ‘वजाबाकी येत नाही’ असा नव्हता. ‘ऐकलेली संख्या लिहिता येत नाही’ असा होता. कृतिसंशोधनातली निम्मी मेहनत इथे असते. समस्येचे नाव आपण फार लवकर ठेवतो, आणि मग चुकीच्या नावाच्या समस्येवर वर्षभर उपाय करत बसतो.

त्यानंतर वीस संख्यांचे श्रुतलेखन घेतले आणि चुकांचे ढीग लावले. तीन ढीग पडले.

पहिला ढीग उलट्या अंकांचा. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून. लिहिताना मात्र दशक आधी. ‘पंचवीस’ ऐकताना आधी पाच ऐकू येतात, म्हणून मूल आधी पाच लिहिते आणि बावन्न करून ठेवते. जर्मन मुलांनाही हीच अडचण येते, कारण त्यांच्याकडेही एकक आधी. कन्नड आणि तेलुगूत दशक आधी येते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. वादातली कोणतीही बाजू घ्या, अडचण खरी होती.

दुसरा ढीग ‘एकोण’चा. एकोणसाठ सांगितले की मुले ६९ लिहीत, कारण ‘साठ’ स्पष्ट ऐकू येते आणि शेवटी नऊ असतो एवढे पाठ झालेले असते. ऐकलेले आणि पाठ केलेले दोन्ही जोडले की ६९ तयार होते. ज्या मुलाने ६९ लिहिले, त्याने आपल्या परीने विचारच केला होता.

तिसरा ढीग दशक चुकल्याचा. सदतीस आणि सदुसष्ट, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. ‘पन्न’ किंवा ‘वन्न’ म्हणजे पन्नास, ‘सष्ट’ म्हणजे साठ, ‘हत्तर’ म्हणजे सत्तर, हे आपल्याला इतके सवयीचे आहे की ते शिकवावे लागते असे वाटतच नाही.

तीन ढीग, म्हणून तीन उपाय. रोज परिपाठानंतर दहा मिनिटे. पहिल्या ढिगातल्या मुलांसाठी पुठ्ठ्याची कार्डे केली: दहा, वीस, तीस अशी लांब, आणि एक ते नऊ अशी आखूड. संख्या ऐकली की आधी शब्दाचे शेपूट पकडायचे. ‘त्रेसष्ट’चे शेपूट ‘सष्ट’, म्हणून साठाचे लांब कार्ड ठेवायचे, मग त्याच्या शून्यावर तीनचे आखूड कार्ड. दुसऱ्या ढिगासाठी नाणी आणि नोटा. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. साठ रुपयांची वस्तू आहे आणि खिशात एक रुपया कमी आहे, तर किती आहेत? तिसऱ्या ढिगासाठी भिंतीवर दशकांच्या कुटुंबांचा तक्ता लावला.

तीन आठवड्यांनी पुन्हा वीस संख्या सांगितल्या. पहिला ढीग खूपच कमी झाला होता, दुसराही बराच. तिसरा होता तसाच. भिंतीवरचा तक्ता सुंदर होता, पण पहिल्या आठवड्यानंतर त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. म्हणून तक्ता उतरवला आणि जोड्यांचा खेळ सुरू केला. एकाने त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांपैकी काहीही म्हणायचे, दुसऱ्याने बरोबर चिठ्ठी उचलायची. हे दुसरे चक्र. केमिस आणि मॅकटॅगर्ट यांचे चार टप्पे गोल फिरतात ते असे.

आठव्या आठवड्याअखेर अकरांपैकी तीनच मुले अडखळत होती. या तिघांपैकी एका मुलाने मला पुढची गोष्ट शिकवली. तो नेहमी फक्त तिसऱ्या ढिगात सापडायचा. मी त्याच्यासमोर उभी राहून संख्या सांगितली की बरोबर लिहायचा. फळ्याकडे तोंड करून सांगितली की सदतीस आणि सदुसष्ट त्याला सारखेच. चार दिवस मुद्दाम जागा बदलून पाहिले, आणि नोंद ठेवली. नोंद घेऊन त्याच्या आईला भेटले. त्याचा कान दोन वर्षांपासून वाहत होता. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, आणि वर्गात त्याची जागा पहिल्या रांगेत आली. गणिताच्या चुकांचा ढीग नीट लावला म्हणून एका मुलाचा कान सापडला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर आधीच्या वर्षी काय लिहिले होते, ते मी इथे सांगत नाही. असे शेरे आपण सगळ्यांनी वाचलेले आहेत, काहींनी तर स्वतःच्या प्रगतिपुस्तकात वाचलेले आहेत.

आणि ती छत्तीसवाली मुलगी? ती आजीबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसायची. आजी विसांनी मोजायची: तीन विसा आणि तीन. मुलीला बाजारात त्रेसष्ट रुपये अचूक मोजता येत होते. वहीत मात्र ती ‘ढ’ होती, आणि घरात ‘हिला पुढे कशाला शिकवायचे’ अशी चर्चा सुरू झाली होती. मी आजीला एक दिवस वर्गात बोलावले आणि विसांनी मोजायला सांगितले. सगळा वर्ग ऐकत होता. त्यानंतर त्या मुलीला वर्गात कोणी ‘ढ’ म्हटले नाही. ती मुलगी चौथीनंतरही शिकत राहिली. याचे सगळे श्रेय माझ्या कार्डांना देणे खरे होणार नाही. पण ‘हिला येत नाही’ हे वाक्य घरात खोटे ठरले, त्याचा उपयोग नक्की झाला.

यावरून मी सगळ्या महाराष्ट्राला कार्डे वाटा असे म्हणणार नाही. माझ्या वर्गाशेजारी तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. आठ आठवड्यांत मुले आठ आठवड्यांनी मोठीही झाली होती. दुसऱ्या शाळेत चुकांचे ढीग वेगळे पडतील. कृतिसंशोधनाचा निष्कर्ष त्या वर्गापुरता असतो. पण ढीग लावण्याची रीत मात्र दुसऱ्याला नेता येते. माझ्या शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने तीच रीत मराठीच्या शुद्धलेखनाला लावली आणि त्याला पाच ढीग मिळाले.

मित्रांनो, ही रीत मी कुठे पहिल्यांदा पाहिली, हेही सांगायला हवे. आपल्याला नववीत बीजगणित शिकवणारे सर आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुमच्या सदऱ्याच्या खिशात एक लहान वही असायची. आम्हाला वाटायचे की त्यात किराणा मालाची यादी आहे. वह्या तपासताना तुम्ही त्यात आमच्या चुका उतरवून घेत होता, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरची पहिली तीन उदाहरणे त्या चुकांवरची असायची. कोणाची चूक, हे तुम्ही कधी सांगितले नाही. पण ज्याची असायची त्याला कळायचे, आणि त्याला लाज वाटायची नाही. कृतिसंशोधन हा शब्द तुम्ही आमच्यासमोर कधी उच्चारला नाही. काम मात्र तेच होते.

आता मुद्द्यावर येते, कारण आज दुपारी आपल्या तुकडीची बैठक आहे. शाळेसाठी आपण जमवलेल्या निधीतून काय द्यायचे हे त्या बैठकीत ठरणार आहे. प्रवेशद्वाराची कमान आणि सगळ्या वर्गांना डिजिटल फलक, असा प्रस्ताव मी वाचला. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या मनातली आपुलकी मला कळते. माझा विरोध नाही. मला त्यात तीन गोष्टी जोडायच्या आहेत.

पहिली: फलक सगळ्या वर्गांना एकदम देऊ नका. नववीच्या एका तुकडीला द्या, आणि शिक्षकांनाच ठरवू द्या की त्यातून त्यांना काय पाहायचे आहे. एक सत्र झाले की त्यांनाच विचारा. उपयोग झाला तर उरलेले घेऊ. नाही झाला तर पैसे वाचतील, आणि का नाही झाला तेही कळेल. चार सऱ्यांची गोष्ट आठवा.

दुसरी: निधीतला एक लहान हिस्सा शिक्षकांच्या शोधासाठी वेगळा ठेवा. त्याला फार लागत नाही. थोड्या झेरॉक्स, पुठ्ठा, एखाद्या मुलाला दवाखान्यात नेण्याचे एस.टी.चे भाडे, आणि पंधरा दिवसांतून एक तास, जेव्हा शिक्षक एकत्र बसून एकमेकांना आपले ढीग दाखवतील. हा तास सर्वांत महाग आहे. माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि इतर कामे यांत शिक्षकाचा तास सर्वांत आधी हरवतो. मुख्याध्यापकांनी तो राखायचे कबूल केले, तर ती आपल्या निधीपेक्षा मोठी देणगी ठरेल.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी आहे. आपल्यातले जे गावातच आहेत, त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी त्या तासाला जाऊन नुसते बसावे. शिकवण्याविषयी सल्ला देऊ नये. ऐकावे, आणि प्रश्न विचारावा: ‘हे तुम्हाला कशावरून वाटते?’ बँकेत हिशेब तपासलेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येतो, दवाखाना चालवणाऱ्यालाही येतो. बाहेरच्या माणसाचा साधा प्रश्न कधी कधी आतल्या माणसाला नवे काही दाखवतो.

आणि एक अट आपण स्वतःवर घालून घेऊ. निधी दिला म्हणून वर्षअखेरीस ‘निकाल किती टक्क्यांनी वाढला’ असे विचारायचे नाही. तसे विचारले की आपल्याला पुन्हा त्या जाड पुठ्ठ्याच्या फाइली मिळतील, ज्यांच्यात नेहमीच लक्षणीय सुधारणा झालेली असते. ‘हे करून पाहिले, जमले नाही, आता दुसरे करून पाहतो’ असे म्हणण्याची मुभा ज्या शिक्षकाला आहे, तोच खरे सांगेल. ती मुभा सरकारी आदेशाने मिळत नाही. समाजाने द्यायची असते, आणि आपण या शाळेचा समाज आहोत.

नववीच्या गणिताच्या बाईंशी काल संध्याकाळी माझे बोलणे झाले. नववीत बरीच मुले गणितात मागे पडतात आणि दहावीला बसण्यापूर्वीच मनाने शाळा सोडतात, असे त्या म्हणाल्या. का मागे पडतात, याबद्दल त्यांच्याकडे एक अंदाज आहे. तो त्यांना तपासून पाहायचा आहे. तो अंदाज मी इथे सांगत नाही, तो त्यांचा प्रश्न आहे. त्यांना हवे आहे ते एवढेच: घटक चाचण्यांचे मागच्या दोन वर्षांचे पेपर, ते वर्गवार लावायला मदतीचे चार हात, आणि कोणी घाई करू नये. पेपर शाळेच्या कपाटात आहेत. हातांपैकी दोन माझे आहेत, निवृत्त झाल्यापासून मोकळेच आहेत. उरलेले दोन कोणाचे, ते दुपारच्या बैठकीत सांगा. पुढच्या सोमवारी अकरा वाजता शिक्षक खोलीत सुरुवात करायची आहे. चहा शाळेचा, बिस्किटे आपल्या तुकडीची.